मदत हवी आहे: काळविटाच्या पाडसांना माणसाची सवय न लावता कसं वाढवायचं? (सोलापूर)

नमस्कार. सोलापुरातल्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात मी स्वयंसेविका आहे. वनविभागानं सध्या काळविटाची दोन पाडसं आमच्याकडे सोपवली आहेत. एकाची आई नान्नजच्या माळावर मोकाट कुत्र्यांनी मारली. दुसरं ज्वारीच्या काढणीत मजुरांना सापडलं. कळवळ्यानं त्यांनी ते घरी नेलं, गाईचं दूध पाजलं, आणि हगवण लागल्यावर वनरक्षकांना बोलावलं.

या दुसऱ्यासाठी जीव जास्त तुटतो. त्याची आई बहुतेक जवळच चरत असणार. हरणी पिलाला आडोशाला बसवून लांब जाते, पाजायला तेवढी परत येते. ते पोरकं नसतं. गावाकडं कुणी असाल तर कृपया सांगा: पाडस गप बसलेलं आहे, जखम नाही, कुत्री नाहीत, तर हात न लावता लांब व्हा. शंका आली तर १९२६ वर वनविभागाला कळवा.

पाजण्याचं आता जमलंय. अंग गार असेल तर आधी ऊब, मगच दूध. शेळीचं कोमट दूध थोडं थोडं, पिलू उभं ठेवून; उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. नंतर ओल्या कापसानं शेपटीखाली पुसतो. आई चाटते तेव्हाच लहान पिलाला लघवी-शी होते, ते काम आपल्याला करावं लागतं. पशुवैद्यांच्या उपचारानं हगवण थांबली आहे.

खरी काळजी पुढची आहे. मोठं पाडस नर आहे आणि आमची चाहूल लागली की जाळीपाशी धावत येतं, बोटं चोखतं. बघणाऱ्यांना कौतुक वाटतं, मला धडकी भरते. माणसाळलेला नर वयात आला की माणसालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगं मारतो. माळावर सोडला तरी वस्तीकडेच येईल, आणि तिथं कुत्री आहेत.

म्हणून विचारते. जाळीला बाटली अडकवून, स्वतः आडोशाला राहून कुणी पाजलंय का? हाताला सोकावलेलं पिलू ते स्वीकारतं का? दोघंही गवत कुरतडायला लागलीत. पोट फुगू नये म्हणून लसूणघास सुकवूनच देतो, सोबत माळावरची मारवेल आणि पवन्या ही गवतं. दूध कमी करायला कधी सुरुवात करावी, वजन बघून की रवंथ बघून?

आणि सोडताना कळपाच्या माळावरच कुंपण घालून काही काळ ठेवलं तर कळप जवळ येतो का? निर्णय अर्थातच वनविभागाचा, पण त्यांच्यापुढे मांडायला अनुभव हवा आहे.

भर: 'आमच्या फार्महाऊसवर सांभाळू' असे निरोप येत आहेत. भावना कळते, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवणं गुन्हा आहे. दोन्ही पाडसं एकत्रच ठेवली आहेत. फोटो मागू नका, पिंजऱ्याजवळ जाणं आम्हीच कमी केलंय. चिंकारा किंवा काळवीट वाढवून कळपात सोडलेल्यांनी मात्र नक्की लिहा, अगदी फसलेला प्रयोग असला तरी.