'लव्ह, क्रीकवूड' : सायमन-ब्रॅमचा हा छोटा भाग हवा होता का?

गोदाकाठची वाचक :
बेकी अल्बर्टालीचं 'सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा' (२०१५) ज्यांचं लाडकं आहे त्यांच्यासाठी धागा. त्याचा छोटा पुढचा भाग 'लव्ह, क्रीकवूड' (२०२०) एका बैठकीत संपला, सगळं पुस्तक नुसते ईमेल. सायमन फिलाडेल्फियाजवळ हॅवरफर्ड कॉलेजला, त्याचा बॉयफ्रेंड ब्रॅम न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात, कॉलेजचं पहिलं वर्ष आणि दोघं एकमेकांना मिस करतायत, बस. मला तेच प्रचंड आवडलं. जुळलं की प्रेमकथा संपवतात, पुढे ती दोघं कशी राहतात ते कोणी लिहितच नाही. हे पुस्तक व्हायलाच हवं होतं.

सिडकोकर :
अजिबात नाही पटलं. पहिल्या पुस्तकात 'ब्लू' या टोपणनावाने मेल करणारा ब्रॅमच आहे हे सायमनला माहीत नव्हतं म्हणून प्रत्येक मेलला आपलीपण धडधड व्हायची, त्यात शाळेतला तो मार्टिन सायमनचे मेल वाचून त्याला ब्लॅकमेल करत होता. इथे लपलेलं काहीच नाही, मग मेल कशाला, सरळ व्हिडिओ कॉल करा ना. आणि फिलाडेल्फिया-न्यूयॉर्क आपल्या नाशिक-पुण्यापेक्षा जवळ आहे हो, शनिवारी जा रविवारी या, एवढं काय त्यात?

गोदाकाठची वाचक :
अहो जवळ असूनही रोज भेटता येत नाही यानेच जास्त जीव जातो. रविवारी संध्याकाळी ठक्कर बाजारला आपल्या माणसाला पुण्याच्या बसमध्ये बसवून एकटं घरी यायचं, ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आणि कॉलवर माणूस 'ठीक आहे गं' म्हणून मोकळा होतो, लिहायला बसला की खरं बाहेर येतं. या दोघांची तर ओळखच लिहिण्यातून झालेली.

इंदिरानगरची वाचनवेडी :
एक सांगते, मधलं 'लीआ ऑन द ऑफबीट' (२०१८) वाचल्याशिवाय याला हात लावू नका, सायमनच्या मैत्रिणी लीआ-अ‍ॅबी यांचेही मेल आहेत यात. पहिल्या पुस्तकावरचा नुसता सिनेमा बघून आलेल्यांना काही कळणार नाही. मला तर एवढ्याशा पुस्तकात इतक्या जणांची गर्दी नकोच होती.

सिडकोकर :
तेच ना. लेखिकेने आपली कमाई ट्रेव्हर प्रोजेक्टला दिली, एलजीबीटी मुलांना आत्महत्येपासून वाचवण्याचं काम करणारी संस्था, याबद्दल मनापासून आदर आहे. पण हेतू चांगला म्हणून पुस्तक चांगलं होत नाही.

गोदाकाठची वाचक :
हेतू बाजूला ठेवा. दोन मुलांच्या प्रेमाची गोष्ट म्हटली की कोणीतरी मरतं, नाहीतर घरचे तोडतात, असंच किती वाचलंय आपण. इथे त्यांना कसलीच शिक्षा नाही, अख्खं पुस्तकभर फक्त एकमेकांची आठवण काढायची मोकळीक आहे. सतरा-अठरा वर्षांच्या एखाद्या मुलाच्या हातात हे पडलं तर त्याला केवढा धीर येईल!

सिडकोकर :
हा मुद्दा मान्य, खरंच. पण सुखाची असली तरी गोष्ट लागतेच ना ताई. ब्रॅम न्यूयॉर्कमध्ये सायमनशिवाय कसा रुळतोय ते मला नीट वाचायचं होतं, ते हातात यायच्या आत पुस्तक संपलं.