मदत हवी आहे: सात आठवड्यांच्या मुलीच्या हृदयात मर्मर ऐकू आला आहे; उन्हाळ्याचा घाम आणि दूध पितानाचा घाम वेगळा कसा ओळखावा?

नमस्कार.

आम्ही अमळनेर तालुक्यातील एका गावात राहतो. माझी पहिली मुलगी आज सात आठवड्यांची आहे. जन्मतः तिचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी सर्व ठीक असल्याचे सांगितले होते. गेल्या आठवड्यात दीड महिन्याच्या लसीसाठी नेले असता बालरोगतज्ज्ञांनी तिची छाती तपासली, मग ती दूध पिऊन शांत होईपर्यंत आम्हाला थांबवून घेतले आणि पुन्हा बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकले. हृदयाच्या ठोक्यांच्या मधे एक हलकी फुसफुस ऐकू येते, तिला मर्मर म्हणतात, असे त्यांनी सांगितले. हाताला आणि पायाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायू पाहिला, तो ९८ आणि ९७ टक्के होता. दोन्ही जांघांतील नाडी चाचपली, यकृत वाढले आहे का ते पोटावर हात ठेवून पाहिले, आणि फाइलवर ‘सिस्टोलिक मर्मर, ग्रेड २/६’ (म्हणजे हृदय आकुंचन पावताना येणारा, सहापैकी दुसऱ्या पातळीचा आवाज) असे लिहून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेण्यास सांगितले. लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ जळगावला महिन्यातून एकदा येतात; आम्हाला अठरा दिवसांनंतरची तारीख मिळाली आहे.

घाई करण्यासारखे आता काही दिसत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मात्र मुलगी दूध पिताना धापा टाकू लागली, मधेच दमून दूध सोडू लागली, कपाळावर घाम येऊ लागला, ओठ किंवा जीभ निळसर दिसली किंवा वजन वाढेनासे झाले, तर तारखेची वाट न पाहता यावे, असे त्यांनी बजावले आहे. माझी अडचण येथेच सुरू होते. सध्या वैशाख चालू आहे, पारा ४४ अंशांवर आहे, दुपारी वीज गेली की मोठी माणसेही घामाने निथळतात. मुलगी छातीशी असली की तिच्या कपाळावर घाम येतो आणि माझ्या दंडावरही येतो. तो उन्हाचा की हृदयाचा, हे मला कळत नाही, आणि प्रत्येक वेळी दूध पाजताना मी तिच्या तोंडाकडे न पाहता कपाळाकडेच पाहत बसते.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. सातव्या महिन्यात मी मोटारसायकलवरून पारोळ्याला एका लग्नाला गेले होते आणि रस्ता फार खराब होता. त्या धक्क्यांमुळेच हे झाले, असे घरात बोलले जात आहे. सासूबाई मायेच्या आहेत, नातीला मांडीवर घेऊन “मनी पोरले काय व्हयनं?” (माझ्या पोरीला काय झालं?) असे विचारत राहतात, आणि त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही. जन्माच्या वेळी जो आवाज कोणालाच आला नाही, तो दीड महिन्यानंतर कसा आला? इकोसाठी मुलीला भूल देतात का? आणि तोपर्यंत पुढची लस थांबवावी का? ज्यांच्या बाळाच्या बाबतीत असे झाले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद: पांझराकाठ, धुळे

ताई, माझ्या मुलाचा मर्मर पाच आठवड्यांचा असताना ऐकू आला होता. आज तो चौथीत आहे. त्याच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला लहान छिद्र होते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधील दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्र असले तरी त्यातून फारसे रक्त वाहत नाही आणि आवाजही येत नाही. पुढच्या काही आठवड्यांत तो दाब उतरला की डावीकडून उजवीकडे रक्त जोराने जाऊ लागते आणि मग मर्मर ऐकू येतो. त्यामुळे जन्माच्या वेळी कोणी हलगर्जीपणा केला असे लगेच समजू नये.

आवाज मोठा म्हणजे दोष मोठा, असेही नसते. आमचे सासरे केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या टाकतात. त्यांना डॉक्टरांचे म्हणणे एका क्षणात समजले होते. नळीला सुईएवढे भोक पडले तर ती सूं सूं करते, आणि नळी मोठी फाटली तर पाणी आवाज न करता वाहून जाते. माझ्या मुलाचा मर्मर तुमच्या मुलीच्या मर्मरापेक्षा मोठा, ग्रेड ४ चा होता, छातीवर तळहात ठेवला की कंप जाणवायचा, तरीही ते छिद्र अडीच वर्षांच्या आत आपोआप बुजले. सर्वांचे असेच होईल असे मी म्हणणार नाही, कारण मोठ्या छिद्राला शस्त्रक्रिया लागते, आणि ते ठरवण्याचे काम इकोचेच आहे. शिवाय अनेक बाळांच्या मर्मरामागे कोणताही दोष निघत नाही. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या या वयात अरुंद असल्याने काही बाळांमध्ये आवाज येतो आणि सहा महिने ते वर्षाच्या आत तो नाहीसा होतो.

मोटारसायकलचे मात्र मनातून काढून टाका. बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे गरोदरपणाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास तयार झालेले असतात. सातव्या महिन्यातील धक्के त्यांना छिद्र पाडू शकत नाहीत. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आमच्या घरी त्यानंतरच बोलणे थांबले.

प्रतिसाद: निवृत्त परिचारिका, भुसावळ

मी बरीच वर्षे बालरुग्ण विभागात काम केले आहे. घामाविषयी आमच्याकडे खानदेशातील आया दर उन्हाळ्यात हेच विचारत असत. उकाड्याचा घाम मानेवर, पाठीवर, घड्यांमध्ये सगळीकडे येतो आणि वारा घातला की ओसरतो. तुम्ही पहाटे पाचच्या सुमारास, हवा थंड असताना, मुलीला एकच सुती झबले घालून पाजा. त्या वेळीही दूध ओढता ओढता कपाळ ओले होत असेल, ती दर मिनिटाला थांबून श्वास घेत असेल आणि पाऊण तास पिऊनही उपाशी राहत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एकट्या घामावरून काही ठरवू नका.

त्याहून भरवशाचा आहे श्वास. मुलगी गाढ झोपली असताना तिचे पोट किती वेळा वर येते, ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. या वयातील श्वास मधेच थांबतो आणि मधेच भरभर होतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक आणि दोन महिन्यांनंतर ५० किंवा अधिक आकडा पुन्हा मोजूनही आला, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर थांबू नका. आठवड्यातून एकदा अंगणवाडीतील एकाच काट्यावर, कपडे काढून वजन करा. उन्हाळा असला तरी वरचे पाणी आणि घुटी देऊ नका. अंगावरचे दूध पुरेसे आहे.

लस अजिबात थांबवू नका. हृदयाचा दोष असलेल्या बाळाला न्यूमोनिया अधिक जड जातो, म्हणून त्याला तर ती वेळेवरच हवी. इकोमध्ये सुई नाही, क्ष-किरण नाहीत. छातीवर जेल लावून सोनोग्राफीसारखाच तपास असतो, पण बाळ हलता कामा नये. बहुतेक लहान बाळे दूध पिऊन झोपली की काम होते, क्वचित झोपेचे औषध तोंडाने देतात आणि त्यासाठी काही तास उपाशी ठेवावे लागते, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारा. खर्चाची चिंता असेल तर गावच्या आशाताईंना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाविषयी विचारा. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि जन्मदाखला आताच काढून ठेवा.

धागाकर्ती:

दोघींचे मनापासून आभार. आज पहाटे पाच वाजता अंगणात खाट टाकून पाजले. कपाळ कोरडे होते, मुलीने सतरा मिनिटांत पोटभर दूध घेतले आणि झोपेत श्वास दोनदा मोजला, तो ४४ आणि ४६ आला. वजन लसीच्या दिवशी ३ किलो ८०० ग्रॅम होते, काल अंगणवाडीत ४ किलो भरले. काटा वेगळा असल्याने पुढच्या सोमवारी तेथेच पुन्हा करणार आहे. जळगावच्या तारखेला सासूबाईही बरोबर येणार आहेत. तेथून आल्यावर इकोचा अहवाल येथेच लिहीन.