आवडते कलावंत रोज समोर दिसतात, बोलू का?

प्रश्न: ज्यांची बासरी ऐकत मी मोठा झालो, ते हल्ली माझ्याच वाचनालयात येतात. एकटेच कोपऱ्यात वाचत बसतात. बहुतेक कुणी ओळखत नाही. वडील गेले त्या दिवसांत त्यांच्या वादनाचा केवढा आधार होता, ते त्यांना सांगायचंय. पण त्यांची शांतता मोडायला मन धजत नाही. काय करू?

पहिला प्रतिसाद: जरूर बोला, पण ते निघताना. दोन वाक्यं पुरेत. फोन बाहेर काढू नका, तो दिसला की माणूस सावध होतो. मला एक आवडती धावपटू लिफ्टमध्ये भेटली होती. तिच्या एका हरलेल्या शर्यतीबद्दल विचारलं, तर उतरल्यावरही ती थांबून बोलत राहिली.

दुसरा प्रतिसाद: न ओळखण्याचं नवल नाही. जानेवारी २००७ मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल वॉशिंग्टनच्या मेट्रो स्थानकात ४३ मिनिटं वाजवत होता. हजारावर लोक समोरून गेले, थांबले मोजके सात. ओळखलं फक्त एकीनं.

तिसरा प्रतिसाद: आपण त्यांना वर्षानुवर्षं ओळखतो, त्यांच्यासाठी मात्र आपण अनोळखी. या एकतर्फी जवळिकीवर हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी १९५६ मध्येच लिहिलंय. म्हणून आधी स्वतःचं नाव सांगा, थोडं अंतर ठेवून उभे राहा. वडिलांचा उल्लेख मात्र गाळू नका. ‘तुमचा चाहता आहे’ हे त्यांनी पुष्कळदा ऐकलं असेल, हे नसेल ऐकलं.