चोखोबांचा ‘डोंगा’ आणि त्यातला ‘परी’

प्रश्न : मुलगी शाळेच्या कार्यक्रमासाठी संत चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ हा अभंग पाठ करते आहे. तिला वाटलं, डोंगा म्हणजे भाजी वाढायचा डोंगा. मी ‘वाकडा’ असं सांगितलं. पण ‘वाकडा असूनही गोड’ एवढाच अर्थ आहे का? (जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, ‘वाकडा’ बरोबर आहे. बोलण्यातून हा शब्द जवळजवळ गेला, अभंगामुळे टिकला. भांड्याचा डोंगा वेगळा.

पण ‘असूनही’पाशी मी जरा थांबेन. अभंगात ऊस, कमान, नदी आणि शेवटी स्वतः चोखा असे चार डोंगे येतात. उसाला ‘असूनही’ चालतं. रसवंतीवर बघा, वाकडा ऊस चरकात सरळ जात नाही. रसवाला तो हाताने दाबत आत सारतो, निघालेलं चिपाड दुमडून त्यात आलं-लिंबू घालून पुन्हा पिळतो. ग्लासातला रस सरळ उसाचा की वाकड्याचा, कोण सांगणार?

कमानीचं तसं नाही. कमान म्हणजे धनुष्य. तिचा बाक काढला तर हातात काठी उरते. बाक आहे म्हणून दोरी ताणते आणि तीर सरळ सुटतो. नदीचंही तेच. आपली भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे ती चंद्रभागा. ज्या वळणाला डोंगं म्हणायचं, त्या वळणानेच तिला नाव दिलं. चोखोबा मंगळवेढ्याचे, त्यांच्या डोळ्यांपुढे हीच नदी असणार. म्हणून मला हा ‘परी’ (म्हणजे ‘पण’) कडव्याकडव्याने बदलत गेलेला वाटतो. आधी ‘वाकडा असला तरी’, मग ‘वाकडा आहे म्हणूनच’. बाक घडवणाऱ्याने तो काही कामासाठी ठेवला आहे, असा भाव त्यात येतो.

शेवटच्या कडव्यात ‘चोखा डोंगा’ हे दोन शब्द शेजारी येतात. चोख सोनं म्हणजे निर्भेळ सोनं, चोख हिशेब म्हणजे खोट नसलेला. ज्याचं नावच चोख, तोच स्वतःला डोंगा म्हणतो. मराठीत याहून सुंदर जोडी मला तरी माहीत नाही.

प्रश्न : ‘म्हणूनच’ म्हणायला मन धजत नाही. माझा पुतण्या जन्मापासून पायाने अधू आहे. देवाने मुद्दाम दिलं, हे वहिनीला कुठल्या तोंडाने सांगू?

उत्तर : दादा, सांगूच नका. ते वाक्य बाहेरच्याने बोलायचं नाही. ‘चोखा डोंगा’ हे चोखोबा स्वतः म्हणतात, आणि ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हे बघणाऱ्याला विचारतात. जातीमुळे देवळाबाहेर ठेवलेल्या माणसाचा हा सवाल आहे. ती बंदी माणसांनी घातली होती. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकूस बांधताना ते अंगावर कोसळून चोखोबा गेले असं सांगतात. अशा माणसाच्या अभंगातून अन्यायाला देवाची इच्छा ठरवणं मला मान्य नाही.

तुमच्या प्रश्नाला जवळची गोष्ट कूर्मदासांची आहे, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या लऊळची. हात-पाय नसलेला हा भक्त पैठणहून सरपटत पंढरीला निघाला. लऊळला शरीर थकलं, पुढे जाता येईना, तेव्हा विठ्ठलच तिथे भेटायला आला. कूर्म म्हणजे कासव. लोकांनी सरपटणं पाहून हे नाव दिलं असेल तर असो, पण विष्णूचा दुसरा अवतारही कूर्मच. ज्या रूपाकडे बघून लोक हळहळतात, ते रूप देवाने स्वतः एकदा घेतलेलं आहे. वहिनींना काही सांगायचंच असेल तर ही गोष्ट सांगा, अर्थ त्यांचा त्यांना लावू द्या.

राहिला शब्द. ‘अधू’ घरात चालतो, ‘दिव्यांग’ २०१६ पासून सरकारी कागदांवर रुळला. पुतण्याला कुठला आवडतो, की नुसती नावाने हाक हवी, ते त्यालाच विचारा.