मदत हवी आहे: लोकरीच्या परीला झगा बसेना, अंगातून कापूस बाहेर!

रिमझिम_२२
शनिवारी भाचीचा वाढदिवस आहे. तिनेच काढलेल्या चित्रावरून परी विणतेय: शिंगं, पाठीवर पंख, हातपाय वळवून बसवता येईल अशी, कपडे काढता-घालता येतील असे. अंग विणून भरलं तर टाक्यांतून कापूस डोकावतोय. झगा शिंगांपाशी अडतो, पायाकडून चढवला तर कमरेत अडतो. सगळं पॅटर्नप्रमाणेच केलंय. कुठे चुकलं? लवकर सांगा.

कैरीचं_लोणचं
सुया कितीच्या? लोकर कोणती? भाची किती वर्षांची?

रिमझिम_२२
पॅटर्नमध्ये दिल्यात त्याच सुया. लोकर साधीच.

मुका_खांब
बाहुली आणि दोन सुयांवर? क्रोशाने करा. मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड घट्ट टाके, गोल गोल घालत गेलं की कापूस दिसायची बिशाद नाही. मी गणपतीत उंदीर केला होता, अजून टुणटुणीत आहे.

आजी_ऑनलाइन
उंदराला झगा काढता-घालता येत होता का? क्रोशाचं अंग दगडासारखं होतं, गुडघा वळत नाही.

मुका_खांब
आजी, वळतो. बारीक सुई घेतली की दगड होतो, तो दोष क्रोशाचा नाही.

कैरीचं_लोणचं
रिमझिम, "त्याच सुया" म्हणजे किती नंबर?

रिमझिम_२२
अंगाला ३, झग्याला ८. नवीन आणल्या दुकानातून.

कैरीचं_लोणचं
पॅटर्न अमेरिकन आहे ना? मग झालं. आपल्याकडे दुकानात जुने ब्रिटिश नंबर चालतात, आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलट. त्यांची ३ म्हणजे ३.२५ मिमी, आपली १०. तू आपली ३ घेतलीस, ती ६.५ मिमी! त्यांची ८ म्हणजे ५ मिमी, आपली ६. तू विणलंस ४ मिमीवर. अंग फुगलं, झगा आटला.

रिमझिम_२२
अगं बाई! बारा इंचांची व्हायची ती सतरा इंचांची का झाली ते आत्ता कळलं. आता परत सगळं उसवू?

आजी_ऑनलाइन
अंग राहू दे. कापूस काढ, आत जुन्या स्टॉकिंगचं अस्तर घाल आणि त्यात परत भर. झगा मात्र उसव. बाहुलीच्या छातीचा घेर मोजून नव्याने टाके घाल. पाठ पूर्ण उघडी ठेव, पंखांमुळे ती तशीही लागणारच होती. मागे टिचबटणं. वेल्क्रो नको, लोकर धरून ओढतो.

लोकरप्रेमी
लोकर कोमट पाण्यात रिठ्याने धुवावी. पिळू नये.

कैरीचं_लोणचं
हातापायांत काय घातलंय?

रिमझिम_२२
बाइंडिंग वायर. गच्चीवर पडली होती.

आजी_ऑनलाइन
काढ ती आधी! गंजते आणि टोक टोचतं. दोन मिमीची ॲल्युमिनियमची तार घे. एका तळव्यापासून खांद्यातून दुसऱ्या तळव्यापर्यंत एकच. टोकं गोल वळव, वर कापडी टेप गुंडाळ. आणि भाचीचं वय अजून सांगितलं नाहीस.

रिमझिम_२२
आठ. पण धाकटा दहा महिन्यांचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो.

आजी_ऑनलाइन
मग तार नाही, टिचबटणंही नाहीत. विणलेली आखूड नाडी लाव. कोपर-गुडघ्यात कापूस भरू नकोस, तिथे आडवी शिवण घाल. बसते छान.

मुका_खांब
कोल्हापुरात ॲल्युमिनियमची तार कुठे मिळेल? मला हवीय.

रिमझिम_२२
झगा उसवला. भाचीला विचारलं, तिला सतरा इंचांचीच हवीय.

लोकरप्रेमी
शिंगांत काय भरलंत?