तुरीच्या धुळीनं कोरडा खोकला. बाबांना ज्येष्ठमध चालेल का?

वणीची लेक:
तूर काढताना बाबा दिवसभर थ्रेशरपाशी उभे होते, तेव्हापासून कोरडा खोकला लागला तो सुटतच नाही. कफ नाही, ताप नाही. रात्री पाठ टेकली की घशात कुसळ अडकल्यासारखं खवखवतं आणि मग ठसक्यावर ठसका. आई म्हणते, बाजारातून ज्येष्ठमध आण. काडी चघळायला देऊ की काढा करू? बीपीची गोळी चालू आहे, म्हणून विचारते.

खंजिरीवाला:
ताई, काडीच बरी. नखाएवढा तुकडा दाढेखाली धरायचा, चोथा थुंकायचा, रस तेवढा गिळायचा. आधी मातकट लागते, मग गोड पाणी सुटते आणि घसा ओला राहते. काकड्याच्या महिन्यात आमच्या मंडळात सगळ्यांच्या खिशात असते.

आशाताई, घाटंजी:
खंजिरीवाले दादा, घशाला ते चांगलंच आहे. पण ताई, बाबांना देऊ नका. ज्येष्ठमधाचा गोडवा ग्लायसिरायझिनचा असतो. रोज पोटात गेलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि बीपी चढतं. गर्भार बाईलाही मी नाहीच म्हणते. बाबांना कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्या, शुगर नसेल तर झोपताना चमचाभर मध. धुळीत जाताना ओला दुपट्टा नाकातोंडाला बांधायला लावा.

आणि गोळीचं पाकीट बघा बरं. एनालाप्रिल, रामिप्रिल यातली असेल तर खोकला गोळीचाही असू शकतो. तो असाच कोरडा असतो, गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही येतो. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टर दुसरी लिहून देतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात टीबीची तपासणीही करून घ्या, फुकट होते. ताप नाही म्हणून सोडू नका.

वणीची लेक:
पाकीट पाहिलं, रामिप्रिलच आहे! दिवाळीनंतर बदलून दिली होती, आम्ही सगळा दोष तुरीच्या धुळीलाच देत होतो. सोमवारी पाकीट घेऊनच दवाखान्यात नेते. ताई, खूप आभार.

खंजिरीवाला:
आमच्या मंडळातही दोघांना बीपी आहे. आजच भजनाला सांगतो.