किनारी राष्ट्रीय उद्यानात मुक्काम: तंबू पुळणीवर लावावा की मागच्या ठरलेल्या तळावर?

खाडीमुख (धागाकर्ता)

समुद्रकिनारा असलेल्या राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामाच्या दोन पद्धती दिसतात. न्यूझीलंडच्या एबल टॅस्मन उद्यानातल्या साधारण ६० किमीच्या किनारवाटेवर ठरवून दिलेल्या तळांवरच तंबू लावता येतो, तोही आधी आरक्षण करून. अमेरिकेच्या ऑलिंपिक उद्यानात मात्र किनाऱ्याच्या बऱ्याच निर्जन भागात परवाना घेतला की थेट पुळणीवर, भरतीरेषेच्या वर राहता येतं.

माझं मत पहिल्या पद्धतीच्या बाजूचं आहे. पुळणीवर दिवसा हवं तितकं हिंडा, रात्री मागे या.

पहिलं कारण भरती. लोक संध्याकाळी पोचतात, ताज्या शैवालाची ओळ बघतात आणि तिच्या दोन पावलं वर तंबू ठोकतात. ती ओळ दुपारच्या भरतीची असते. ऑलिंपिकच्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एक मोठी आणि एक लहान. दुपारची लहान असेल तर पहाटेची तिच्या बरीच वर चढते. त्यात अमावास्या-पौर्णिमा जवळ येत असेल तर उधाणाकडे जाताना रोजचं पाणी आदल्या दिवसापेक्षा वर येतं.

दुसरं कारण म्हणजे वाळू. नेहमीच्या १५-२० सेंमीच्या मेखा कोरड्या वाळूत धरतच नाहीत. वारा रात्रीतून फिरला की तंबू उपटतो.

तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं: पुळणीवर शौचाची सोय नसते. त्या एका गोष्टीनं चांगले किनारे खराब होतात.

कातळकडा

पूर्ण असहमत. भरतीचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

किनाऱ्यावर सर्वात टणक जागा कोणती? उघडी वाळू आणि गोटे. तिथे तंबू लावल्यानं मरायला काही नसतं आणि पावलांच्या खुणा वारा-पाणी पुसून टाकतं. नाजूक पट्टा तिच्या मागे असतो. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत मुळांनी वाळू धरून ठेवतं. त्यावरून लोकांची ये-जा सुरू झाली की गवत मरतं, वाळू मोकळी होते, वाऱ्यानं खाच पडते आणि ती रुंदावत जाते. 'मागे या' म्हणताना तुम्ही माणसांना नेमकं याच पट्ट्यातून चालवता. तळ ठरलेला असला तरी पुळणीपर्यंत चोरवाटा पडतातच.

आता भरती कशी वाचायची ते नीट लिहितो, कारण 'धोका आहे' एवढं म्हणून काम भागत नाही.

जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या आणि आपल्या किनाऱ्यासाठी वेळेची व उंचीची दुरुस्ती दिली असेल तर ती लावा. कोष्टक प्रमाणवेळेत आहे की उन्हाळी वेळेत (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, ती वेळ), हे तपासा, नाहीतर सरळ एक तासाची चूक होते. मग मुक्कामातली सर्वात मोठी भरती शोधा. फक्त आजची बघू नका, निघायच्या सकाळपर्यंतच्या सगळ्या बघा. जिनं समोरची ओळ आखली त्या भरतीची उंची कोष्टकात पाहा आणि दोन्हींतला फरक काढा.

हा फरक उभा असतो, आपल्याला लागतं आडवं अंतर. पुळणीचा उतार वीसास एक असेल तर ३० सेंमी जास्त उंचीची भरती ६ मीटर आत येते. पुळण सपाट असेल तर त्याहून बरीच जास्त. कोष्टकातला आकडा चंद्र-सूर्याच्या गणिताचा असतो, त्यात हवामान नसतं. हवेचा दाब १ मिलिबारनं उतरला की पाणी साधारण १ सेंमी वर उचललं जातं. दाब नेहमीपेक्षा २० मिलिबार कमी असेल तर २० सेंमी, म्हणजे याच उतारावर आणखी ४ मीटर. हे १० मीटर झाले, त्यावर लाटांसाठी मोकळी जागा सोडा.

ताज्या ओळीच्या वर एक जुनी, वाळून करडी पडलेली ओळ असते. काड्या, पिसं, शिंपल्यांचा चुरा. तंबू त्या जुन्या ओळीच्या वर लागायला हवा. तिच्या वर उघडी वाळूच उरत नसेल तर त्या पुळणीवर मुक्काम करायचा नाही.

खाडीमुख

गणित मान्य. पण त्याच्या शेवटी तुम्ही म्हणता ती 'लाटांसाठी मोकळी जागा' किती हे कुठल्याच कोष्टकात नसतं. दूरच्या वादळातून आलेली लांब अंतराची लाट, दोन लाटांमध्ये १५-१६ सेकंद असलेली, उंचीनं मध्यम दिसते आणि उतारावर मात्र खूप आत धावते. आकाश निरभ्र, वारा शांत आणि पाणी तंबूत, असं यातूनच होतं.

शिवाय ऑलिंपिकसारख्या किनाऱ्यावर वाहून आलेले अख्खे ओंडके पडलेले असतात. लोक वाऱ्याला आडोसा म्हणून त्यांच्या कुशीत झोपतात. टनावारी वजनाचा ओंडका थोड्याशा पाण्यातही उचलला जातो आणि फिरतो. माणूस आणि मागचा कडा यांच्यामध्ये तो आला तर सुटका नाही.

चिखल्या

दोघंही पाण्याचं मोजमाप करताय. त्या वाळूवर आधीपासून कोण राहतं, तेही मोजा.

जुन्या भरतीरेषेच्या वरची उघडी, कोरडी वाळू. कातळकडा, तुम्ही तंबूसाठी नेमकी जी जागा सांगितलीत तिथेच आमच्या नावाचे छोटे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची ठिपकेदार. ती दिसत नाहीत, पायाखाली जातात. तंबू थेट वर लागला नाही तरी पक्षी दूर बसून राहतो, आणि उघड्या अंड्यांवर तेवढा वेळ ऊन पडतं किंवा कावळे येतात. 'तिथे मरायला काही नसतं' हे विणीच्या हंगामात साफ खोटं आहे.

जिथे सागरी कासवं येतात तिथे प्रश्न आणखी बिकट. मादी रात्री वर येते, दिवे आणि हालचाल दिसली की अंडी न घालता परत फिरते. पिल्लं बाहेर पडल्यावर उजळ क्षितिजाकडे जातात. पांढऱ्या दिव्यानं उजळलेला तंबू त्यांना उलट दिशेला खेचतो. लाल दिव्यानं त्रास कमी होतो, पण संपत नाही. अंडी उबायला साधारण दीड ते दोन महिने लागतात, म्हणजे शेवटची मादी येऊन गेल्यानंतरही तेवढा काळ पुळण मोकळी हवी.

माझं म्हणणं: हंगामात पुळणीवर मुक्काम पूर्ण बंद, बाकी वेळ परवान्यानं मोकळा. वर्षभर एकच नियम लावणं, इकडचा असो वा तिकडचा, आळशीपणाचं आहे.

दोरखंड

मेखांबद्दल. वाळूत तंबू टिकत नाही हे खरं नाही, चुकीच्या मेखांनी टिकत नाही. दोन उपाय आहेत.

एक, रुंद पात्याच्या लांब मेखा, निदान ४५ सेंमीच्या.

दुसरा, पुरलेला नांगर. तंबूची छोटी पिशवी वाळूनं भरा, दोरी पिशवीच्या मध्यावर बांधा. ३०-४० सेंमी खोल खड्डा घ्या, म्हणजे खालची ओलसर वाळू लागते. पिशवी दोरीच्या ओढीला आडवी ठेवा. दोरीला तंबूच्या दिशेनं तिरका चर काढून द्या. ती सरळ वर आली तर ताण पिशवीला उचलायला लागतो. खड्डा बुजवून पायानं दाबा, जमलं तर पाणी ओता. पिशवी नसेल तर मनगटाएवढी काठी चालते. वाऱ्याकडच्या दोन्ही कोपऱ्यांना आणि मधल्या ताणदोरीला हे करायचंच, बाकी तिन्ही बाजू मेखांवर निभतात. वाळू सुकते तशी दोरी सैल पडते, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा पुन्हा ताणा.

तंबूचं निमुळतं टोक वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या आडबाजूला. जाळ्या मात्र उघड्या ठेवा. किनाऱ्यावर हवा दमट, सगळं बंद केलं की श्वासाचं पाणी आतून ठिबकतं आणि लोकांना वाटतं तंबू गळतोय. चेनमध्ये वाळू गेली तर ओढू नका, गोड्या पाण्यानं धुऊन मग सरकवा. दात एकदा झिजले की चेन गेलीच.

शिदोरी

मी खाडीमुख यांच्या बाजूनं. शौचाचा मुद्दा कोणी खोडला नाही, तो खोडता येण्यासारखा नाहीच.

जंगलातला नियम असा: पाण्यापासून ६० मीटर दूर, १५-२० सेंमी खोल खड्डा. तो चालतो कारण मातीत कुजवणारे जीव असतात. कोरड्या वाळूत ते अगदी कमी, वारा वरची वाळू उडवतो आणि पुरलेलं सगळं उघडं पडतं. ६० मीटर मागे जायला पुळण तेवढी रुंद तरी कुठे असते?

गोड्या पाण्याचंही तसंच. पुळणीवर उतरणाऱ्या ओढ्याच्या मुखाशी भरतीचं खारं पाणी आत शिरलेलं असतं. गाळणी जंतू अडवते, मीठ नाही. उकळूनही मीठ जात नाही. म्हणून भरतीची हद्द ओलांडून वर चढायचं आणि ओहोटीच्या वेळी पाणी भरायचं. काही ठिकाणी ते चहासारखं तांबूस असतं. तो कुजलेल्या पानांचा रंग, अपाय नाही, पण शुद्ध तरी करावंच लागतं. आता विचार करा, त्याच ओढ्याकाठी दहा तंबूंची माणसं झाडीत जाऊन येतात. तळावर शौचालय असतं, पाण्याची जागा वेगळी असते. मला एवढ्यानंच पटतं.

कातळकडा

शिदोरी, हा मुद्दा खरा आहे. पण त्याला उपाय बंदीखेरीजही आहे: मैला परत नेण्याच्या घट्ट पिशव्या. परवान्याबरोबर त्या सक्तीच्या करा. ऑलिंपिकच्या किनाऱ्यावर अन्न कडक कवचाच्या डब्यात ठेवणं सक्तीचंच आहे, कारण तिथे अस्वलांइतकेच रॅकून उपद्रवी. लोक तो डबा वाहतात, मग पिशवीही वाहतील.

चिखल्यांचं मात्र मी मान्य करतो. 'मरायला काही नसतं' हे हंगामाबाहेरच खरं.

शेकोटीचं कोणी काढलं नाही म्हणून सांगतो. वाहून आलेल्या लाकडात मीठ मुरलेलं असतं, ते जाळल्यावर धुरात विषारी क्लोरीनयुक्त संयुगं येतात. त्यावर स्वयंपाक नको, स्टोव्ह न्या. आणि निखाऱ्यांवर वाळू ढकलून शेकोटी 'विझवणं' हा सर्वात घातक प्रकार. वाळूखाली ते तासन्तास धगधगतात, वरून काही दिसत नाही आणि सकाळी कोणाचा तरी अनवाणी पाय पडतो. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता.

ओहोटीवाट

हिंडण्याच्या बाजूनं एक गोष्ट राहून गेली. ठरलेले तळ दोन-दोन तासांच्या अंतरावर सोयीनं नसतात, आणि मधे खाडी किंवा भूशिर आडवं येतं. एबल टॅस्मनमधली अवारोआ खाडी ओहोटीच्या दीड तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतच ओलांडता येते, तिला दुसरी पायवाट नाही. ज्याचं आरक्षण पलीकडच्या तळावर आहे तो उशीर झाला तरी पाण्यात उतरतो, कारण 'आज तिथे पोचायचंच आहे'. अलीकडे तात्पुरतं थांबायची मुभा असती तर तो थांबला असता. सक्तीच्या तळांचा हा धोका मोजला पाहिजे.

पाणी कसं चढतं तेही लक्षात घ्या. दिवसाला दोन सारख्या भरत्या असतील तिथे सहा तासांत ते बारा हिश्श्यांनी चढतं: १, २, ३, ३, २, १. फरक ४ मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंमी, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी पूर्ण मीटर. पहिल्या तासातल्या संथपणावर विसंबून लोक भूशिराच्या पलीकडे अडकतात. खडकांतल्या डबक्यांतलं जीवन बघायचं असेल तर ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघा, उतरत्या पाण्यामागे जा आणि पाणी पालटताच परत फिरा. उचललेला दगड होता तसाच ठेवा. उलटा पडला की खालचे जीव उन्हानं मरतात आणि वरचे अंधारात.

खाडीमुख

अवारोआचं उदाहरण माझ्या बाजूला जातं. दीड तास आणि दोन तास हे आकडे छापलेले आहेत, आरक्षण करतानाच ओहोटीची तारीख-वेळ बघून तळ निवडता येतो. आधी तळ आणि मग कोष्टक असा क्रम लावला म्हणून माणूस अडकतो.

तरी एक बदल मान्य. उशीर झालेल्यानं खाडीत उतरू नये म्हणून प्रत्येक ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना तंबू दोन-तीनच मावतील असा आणीबाणीचा तळ असावा. पुळणीच्या मागे, टणक जमिनीवर, शौचालयासह.

चिखल्या

दोन्ही बाजूंना चालेल. फक्त त्या तळाची जागा विणीच्या हंगामात पाहणी करून ठरवा, हिवाळ्यात नकाशावर बोट ठेवून नको. आणि तळापासून पाण्यापर्यंत एकच वाट, दोन्ही बाजूंनी दोरी लावलेली.

कातळकडा

दोरी लावलेली एकच वाट असेल तर गवताबद्दलची माझी हरकत मागे घेतो. हंगामाबाहेर पुळणीवरच्या मुक्कामाला परवाना हवा, ही मागणी मात्र कायम आहे, पिशव्यांच्या अटीसकट.